मोठ्या पडद्याचा महागडा मोबाइल : घरासाठी की हौसेसाठी?

आमच्या घरात या महिन्यात मोबाइलच्या दोन मागण्या एकदम आल्या. अम्मींना तिलावतीसाठी मोठी अक्षरे हवी होती आणि कॉलेजात जाणाऱ्या धाकट्याला सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा. "अम्मींनाही तोच उपयोगी पडेल," असे सांगून त्याने दोन्ही मागण्या एकात बसवल्या. लग्नसमारंभात फोटो काढणाऱ्या आमच्या भाच्याकडे तो मोबाइल होता. तो आम्ही चार दिवसांसाठी मागून आणला आणि घरी वापरून पाहिला.

जानेवारी २०२४मध्ये हा मोबाइल बाजारात आला तेव्हा २५६ जीबीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. पडदा ६.८ इंचांचा, बॅटरी ५,००० एमएएचची, कडा टायटॅनियमची, वजन सुमारे २३२ ग्रॅम. चार्जर डब्यात येत नाही, मेमरी कार्ड घालायची सोय नाही. ही माहिती खरेदीआधीच लक्षात घ्यावी.

पहिली कसोटी अम्मींची. मुसहफचे पान उघडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पडद्याचे इंच तिरक्या रेषेत मोजतात. हल्लीचे मोबाइल लांबट असतात आणि मुसहफचे पान त्या मानाने रुंद. त्यामुळे पान रुंदीत बसते आणि वर-खाली जागा मोकळी राहते. ६.८ इंची पडद्याची रुंदी भरते जेमतेम सव्वासात सेंटिमीटर. याच मालिकेतल्या ६.२ इंची एस२४ची रुंदी सुमारे साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे फरक सहा-सात मिलिमीटरचा! पंधरा-वीस हजारांच्या साध्या मोबाइललाही हल्ली साडेसहा इंचांच्या वर पडदा असतो. अम्मींनी दोन पाने वाचली आणि म्हणाल्या, "बेटा, माझा मोठ्या हरफांचा कुरआन शरीफच बरा."

मग एवढे पैसे कशाचे? कॅमेऱ्याचे, वेगाचे आणि टिकण्याचे. लांबचे जवळ आणणाऱ्या दोन वेगळ्या लेन्स यात आहेत. निकाहनाम्यावर सही होत असताना गर्दी न करता मागच्या रांगेतून फोटो घेता येतो. काचेवर प्रतिबिंब कमी पडते, त्यामुळे उन्हातही अक्षरे दिसतात. सोबत येणाऱ्या पेनाने आमच्या पुतणीने अलिफ-बे गिरवून पाहिले, तिला मजा वाटली. वजूचे शिंतोडे उडाले तर बिघडत नाही. पाण्यापासूनचे हे संरक्षण गोड्या पाण्यासाठी आहे, आपल्या कोकणच्या समुद्रासाठी नव्हे. किब्ला पाहताना मात्र चुंबकाचे झाकण असलेले कव्हर काढून ठेवावे. ते कुठल्याही मोबाइलच्या होकायंत्राला चकवते.

कंपनीने सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले आहे. किंमत ८४ महिन्यांत वाटली तर महिन्याला सुमारे १,५५० रुपये होतात. अठरा हजारांचा मोबाइल तीन वर्षे चालला तर महिन्याला ५०० रुपये. भाच्याचा तर हा धंदाच आहे, मोबाइल स्वतःचे पैसे कमावून देतो. धाकट्याला तो कमावून देणार नाही, हे त्यालाही मान्य होते.

खरा पेच पुढे होता. घरात शिल्लक होती, पण ती थोरल्या मुलीच्या बी.एड.च्या फीची. धाकटा म्हणाला, "अब्बा, नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज लागत नाही." दुकानातही तेच ऐकवले गेले. आम्ही कागद मागून वाचला. कार्डावरच्या अशा हप्त्यांत बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट आधी किमतीतून दिली जाते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण बँकेच्या हिशेबात व्याज वेगळे दाखवलेले असते, त्यावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहक भरतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, असे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावले होते. नाव काहीही असो, ज्या करारात व्याज लिहिलेले आहे त्यावर सही करताना मोमिनाचा हात थबकला पाहिजे. दुकानदार स्वतः ठरलेल्या एकाच किमतीत, बँक मध्ये न आणता, हप्त्याने देत असेल तर ती गोष्ट वेगळी. तरी आपल्या भागातल्या जाणकार आलिमांना करार दाखवून विचारावे.

वापरातल्या मोबाइलवर जकात नाही, म्हणून लाखाची वस्तू त्या हिशेबातून सुटते. इसराफच्या हिशेबातून मात्र ती सुटत नाही. ज्याला कामासाठी लागते त्याची ती गरज, ज्याला दाखवायला लागते त्याची उधळपट्टी. एकच मोबाइल दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतो.

आम्ही भाच्याचा मोबाइल परत केला. धाकट्यासाठी रोख पैशांत साधा मोबाइल घेतला. मुलीची फी वेळेवर भरली. धाकटा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच अम्मींच्या चष्म्याचा नंबर तपासायला त्यांना डॉक्टरांकडे नेले. नंबर वाढलेला निघाला. नव्या चष्म्यातून अम्मींना आता जुन्या मुसहफचे हरफ स्वच्छ दिसतात, अल्हम्दुलिल्लाह.