नाव तेच, पण बिल्ड कुठलं?

एपीमॅप. ऐकायला एखाद्या मोबाइल ॲपचं नाव वाटतं, पण हे आहे माणसाच्या चरबीच्या पेशीवरचं एक प्रोटीन. पूर्ण नाव ॲडिपोसाइट प्लाझ्मा मेम्ब्रेन असोसिएटेड प्रोटीन. चरबीच्या पेशी घडत असताना त्याचं प्रमाण वाढतं. अल्झायमरशी जोडलेला अमायलॉइड मेंदूत तयार होतो, त्यालाही हे प्रोटीन लगाम घालतं, असं २०१५ साली एका शोधनिबंधात आलं. आणि हे चक्क विकत मिळतं! कुपीत दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कमी. किंमत शेकडो डॉलर. लेबलवर लिहिलेलं असतं 'रिकॉम्बिनंट ह्यूमन', आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी'.

माझा आक्षेप त्या 'ह्यूमन' शब्दाला आहे. शब्द खोटा नाही, पण तो फार भरवशाने वाचला जातो.

रिकॉम्बिनंट म्हणजे काय? माणसाच्या जनुकातला मजकूर उचलायचा, दुसऱ्या पेशीत घालायचा आणि तिच्याकडून प्रोटीन बनवून घ्यायचं. आपल्या भाषेत, सोर्स कोड माणसाचा, पण कंपायलर दुसऱ्याचा. हा कंपायलर बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो, कारण तो स्वस्त आणि भराभर वाढणारा. दुसरा पर्याय म्हणजे माणसाच्याच पेशी, उदाहरणार्थ १९७३ सालापासून वापरात असलेल्या एचईके-२९३. त्या महाग पडतात.

फरक कुठे पडतो? एपीमॅप ही ४१६ अमिनो आम्लांची साखळी. तिचा सुरुवातीजवळचा एक छोटा तुकडा पेशीच्या पडद्यात रुतलेला असतो आणि उरलेला मोठा भाग पडद्याच्या पलीकडे. पडद्यातला भाग तेलकट, पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून कुपीत बरेचदा तो कापूनच टाकलेला असतो. गाळून वेगळं काढायला सोपं जावं म्हणून टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी लावतात. शिवाय माणसाच्या पेशीत या प्रोटीनवर साखरेची साखळी चढते, ती नेहमीचा ई. कोलाय चढवत नाही. म्हणजे एक तुकडा कमी, एक शेपटी जास्त, वरचा साखरेचा लेप गायब... आणि नाव तेच!

बरं, यात जिवाणूचा काही दोष नाही हं. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्येच बनलं आणि त्याने असंख्य लोकांना जगवलं. इन्सुलिनला साखरेचा लेप लागतच नाही, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. पण चरबीच्याच पेशीतून निघणारं ॲडिपोनेक्टिन घ्या. जिवाणूत बनवलेल्या ॲडिपोनेक्टिनचे मोठे गुच्छ नीट जमत नाहीत आणि त्याचा प्रभाव कमी पडतो. तेव्हा प्रश्न शुद्धतेचा नाही. तुम्ही जो प्रयोग करताय, त्याला हे बिल्ड चालतं का, एवढाच आहे.

आणि कधीकधी बिल्डबरोबर कचराही येतो. ई. कोलायच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. त्याचा अंश जरी राहिला तरी आपल्या रोगप्रतिकारक पेशी खवळतात. एचएसपी-७० नावाच्या प्रोटीनमुळे या पेशी टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा पदार्थ सोडतात, असे निष्कर्ष अनेक वर्षं छापून येत होते. २००३ साली गाओ आणि त्सान यांनी दाखवलं की जिवाणूत बनवलेल्या नमुन्यातलं एंडोटॉक्सिन काढलं की तो परिणामही जातो. म्हणजे बग प्रोटीनमध्ये नव्हताच, पॅकेजिंगमध्ये होता. चरबी आणि दाह यांचं नातं हा तर आजचा मोठा संशोधनविषय, तिथे ही चूक किती सहज होऊ शकते बघा.

आपल्याला याचं काय, असं वाटत असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत काय दडलेलं असतं ते त्या फोटोने दाखवलं. २०२३ सालच्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न चरबीच्या पेशीत अडकलाय. त्या पेशीवरचं संशोधन पोकळ निघालं तर फटका आपल्यालाच.

आणि पोकळ निघतं. २०१२ साली बेगली आणि एलिस यांनी 'नेचर'मध्ये सांगितलं की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांपैकी फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर कुपीवर फोडणं चूक ठरेल. पण जे कारण एका ओळीत टाळता येतं, ते तरी टाळा ना!

कोणी म्हणेल, ही माहिती कंपनीच्या कागदावर असतेच. असते, पण शोधनिबंधात अनेकदा फक्त कंपनीचं नाव आणि कॅटलॉग नंबर येतो. उद्या कंपनीने ते उत्पादन बंद केलं की मागचा कागद शोधत बसा. आपण साधं वेब ॲप डिप्लॉय करतानासुद्धा लॉक फाइलमध्ये प्रत्येक लायब्ररीची व्हर्जन नोंदवतो. 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणणाऱ्याला कोड रिव्ह्यूत कोणी सोडत नाही. मग ज्यावर उद्या औषधं बेतायची, तिथे एवढी ढिलाई का?

म्हणून माझं मत सरळ आहे. कुपीची कुंडली शोधनिबंधातच छापली पाहिजे: कुठल्या पेशीत बनलं, साखळीचा कितवा ते कितवा भाग आहे, शेपटी कुठली, लॉट नंबर काय, एंडोटॉक्सिन किती. पाच गोष्टी, फार तर तीन ओळी. त्या नसतील तर जर्नलने निबंध परत पाठवावा. एखाद्या पीएचडीच्या पोराची दोन वर्षं दुसऱ्याचा निकाल पुन्हा मिळवण्याच्या धडपडीत जाण्यापेक्षा लेखकाची दहा मिनिटं गेलेली बरी.

आपणही एक करू शकतो. 'चरबी वितळवणारं प्रोटीन सापडलं' असा फॉरवर्ड पुढच्या वेळी आला की लगेच पुढे ढकलायचा नाही. आधी विचारायचं, ते प्रोटीन बनलं कशात, आणि प्रयोग झाला कशावर?