वाद कुत्र्यांचा, विसर जखमेचा

भटक्या कुत्र्यांचे काय करावे, यावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापासून गल्लीतल्या कट्ट्यापर्यंत हिरिरीने वाद झडले. दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा ११ ऑगस्टचा आदेश २२ ऑगस्टला सौम्य झाला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे ठरले. या कोलाहलात ज्याला कुत्रा चावला, त्या माणसाची विचारपूस फारशी झाली नाही.

अलर्क रोगाची लक्षणे दिसू लागली की वैद्यकशास्त्र जवळजवळ हतबल होते. त्यापूर्वी मात्र तो टाळता येतो, आणि त्याचे पहिले साधन घरोघरी आहे. विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण साबणाने नष्ट होते. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी. हा काळ वाटतो त्याहून मोठा असतो; घड्याळ पाहूनच तो मोजलेला बरा. प्रत्यक्षात जखमेत हळद, चुना, क्वचित तिखटही भरले जाते. बेंबीभोवतीच्या १४ इंजेक्शनांची धास्तीही अजून सरलेली नाही. वस्तुतः त्या जुन्या लशीचे उत्पादन भारतात २००४ सालीच थांबले. आज पहिला दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडाच्या त्वचेत लस टोचतात. कुत्रा पुढील १० दिवस धडधाकट राहिला तर धोका टळला असे मानतात. परंतु त्याची वाट पाहत उपचार लांबविणे हा जिवाशी खेळ आहे.

खरी मेख पुढेच आहे. लशीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. दात खोल रुतून रक्त आले असेल, तर या मधल्या काळासाठी तयार प्रतिद्रव्यांचे ‘सीरम’ जखमेतच टोचावे लागते. लशीचा पहिला डोस घेऊन ७ दिवस उलटल्यावर ते देत नाहीत. चेहऱ्यावर चावा बसलेल्या लहान मुलाच्या बाबतीत तर दिरंगाई परवडणारीच नाही. अशा वेळी ‘लस आहे, सीरमसाठी जिल्ह्याला जा’ हे उत्तर ऐकून, शेवटची एस.टी. गेल्यावर त्या आईने काय करावे? कुत्र्यांच्या निवाऱ्यांवर खर्चाच्या योजना आखणाऱ्या शासनाने हा प्रश्न आधी सोडवावयास हवा.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुत्रा भटका असल्यास लेखी तक्रार नगरपालिकेकडे वा ग्रामपंचायतीकडे करून पोच घ्यावी. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये भरपाई ठरविली. महाराष्ट्रातील रुग्णास तिचा थेट लाभ नाही. दावा कोठेही लावला, तरी पहिला पुरावा रुग्णालयाचा केसपेपरच. त्यावर चाव्याची तारीख, वेळ आणि जागा नोंदवून घेण्यास रुग्णाने संकोचू नये.

तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात सीरमचा साठा चोवीस तास हवा. तो होईपर्यंत निदान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर, सीरम आज कोठे मिळेल आणि तेथे नेणारी रुग्णवाहिका कोणती, एवढे ठळक अक्षरांत लिहावे. त्याला न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.