आरोग्य-चिंतन : “माणूस बरा होईल ना?”



तोंडाच्या कर्करोगाचे निदान कानी पडताच घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. डॉक्टर म्हणतात, “सर्व तपासण्या होऊ द्या.” ते उत्तर टाळत आहेत असे आपल्याला वाटते, वस्तुतः ते उत्तर शोधत असतात. उपचारांच्या फलाचा अंदाज ही कुंडली नव्हे. तो मोजमापावर उभा असतो.

मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात : व्रण किती मोठा, किती खोल, आणि रोग मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे काय. खोलीला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०१८ पासून स्थान मिळाले. व्रण दोन सेंटिमीटरहून लहान असला, तरी पाच मिलिमीटरहून खोल गेल्यास तो पहिल्या टप्प्यातील मानला जात नाही. वरून क्षुल्लक दिसणारे आतून गंभीर असू शकते.

ग्रंथींविषयीचा मोलाचा पुरावा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिला. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांचा मुखकर्करोग आरंभीचा होता, मानेत गाठ आढळली नव्हती. मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्या गटात तीन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ८० टक्के होते. गाठ उद्भवेपर्यंत वाट पाहिलेल्या गटात ते ६७.५ टक्के होते.

टक्केवारी समूहाची असते. एका माणसाचे भवितव्य ती ठरवीत नाही. मात्र वाट पाहण्याची किंमत ती स्पष्ट दाखविते. आमच्या जानेफळसारख्या गावात ‘तोंड आले असेल’ म्हणून महिने जातात. निदान झाल्यावरही समाजात बोभाटा नको, मुलांच्या सोयरिकी अडतील, या भीतीने काही आठवडे मौनात सरतात. तेवढ्या अवधीत रोग खोल उतरत असतो.

तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले किंवा मानेत गाठ लागली, तर विलंब न करता तपासणी करावी. निदान झाल्यास डॉक्टरांना खोली व ग्रंथींविषयी निःसंकोच विचारावे. तंबाखू त्याच दिवशी सोडावी. उपचारांनंतर ती चालू राहिल्यास दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका राहतो.

“बरा होईल ना?” या प्रश्नाचे अर्धे उत्तर डॉक्टरांच्या अहवालात असते, उरलेले बव्हंशी आपण किती लवकर दवाखान्याची पायरी चढलो यात.