शुद्ध पाणी कोणी ठरवायचे?



दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहतो, ओंजळभर पाणी हातात घेतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो. ज्यांना जाता येत नाही ते गावच्या विहारात वंदना घेतात, भाषणे ऐकतात. हे व्हायलाच पाहिजे. पण मला आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या वस्तीतल्या नळाला जे पाणी येते त्यात काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? त्याची शेवटची तपासणी कधी झाली? नमुना कोणत्या नळाचा घेतला? अहवाल कुठे आहे?

दहा ठिकाणी हा प्रश्न विचारून पाहिला. नऊ ठिकाणी उत्तर आले नाही. दहाव्या ठिकाणी उत्तर आले, "ग्रामपंचायतीत असेल."

हे "असेल" आपल्याला परवडणारे नाही. का, ते सांगतो.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण त्यातली एक गोष्ट आपण घाईने ओलांडून जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे १९२४ पासून आपलेच होते! प्रत्यक्षात पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर काय झाले? सवर्णांनी तळे "बाटले" म्हणून दूध, दही, शेण आणि गोमूत्र कालवलेल्या १०८ घागरी त्या तळ्यात ओतल्या आणि तळे "शुद्ध" झाले असे जाहीर केले.

जरा थांबून विचार करा. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध झाले आणि शेणमुताने शुद्ध झाले! आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा, पाण्यात शेण आणि मूत्र मिसळले तर त्याला काय म्हणतात. प्रदूषण म्हणतात. म्हणजे महाडचा लढा पाण्याला हात लावण्याचा होताच, पण त्याच्या मुळाशी आणखी एक सवाल होता: पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवायचे कोणी? पोथीने की पुराव्याने? बाबासाहेबांनी पुराव्याची बाजू घेतली. तळ्याचा दावा कोर्टात जवळजवळ दहा वर्षे चालला, कागदपत्रांवर चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो.

आता आजच्या गावात या.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या वर सांगितला जातो. चांगली गोष्ट आहे. आपल्या माय-बहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरला असेल तर त्याचे स्वागतच करू. पण त्याच योजनेत लिहिले आहे की माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे आणि ते भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्यायोग्य असले पाहिजे. नळ मोजला गेला. पाणी कोणी मोजले?

लहान गावांची योजना बहुतेक ठिकाणी एका विहिरीवर किंवा बोअरवर चालते. तिथून पाणी टाकीत, टाकीत टीसीएल पावडर, आणि टाकीतून नळाला. मोठ्या शहरासारखे शुद्धीकरण केंद्र तिथे नसते. जमिनीखाली जे आहे तेच तुमच्या पेल्यात येते. टीसीएलने जंतू मरतात. पण नायट्रेट मरत नाही, फ्लोराइड मरत नाही, क्षार मरत नाहीत. पाणी उकळले तर नायट्रेट कमी होण्याऐवजी वाढते, कारण पाणी आटते आणि ते मागे राहते. फडक्याने गाळून, तुरटी फिरवूनही ते जात नाही. आणि सगळ्यात घातक बाब ही, की त्याला रंग नाही, वास नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होते. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक आहे. सर्वाधिक बाधित म्हणून जे जिल्हे त्यात दाखवले आहेत त्यात वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ आहेत. ही नावे वाचून काही आठवते का? मित्रांनो, हे आपले जिल्हे आहेत. इथे गावोगाव आपली वस्ती आहे, आपला पंचशील ध्वज आहे.

नायट्रेट येते कुठून? शेतात ओतलेल्या युरियातून, विहिरीजवळच्या उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून, तुंबलेल्या गटारातून. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखे निळी पडतात. निळा रंग आपल्या झेंड्यावर शोभतो. लेकराच्या ओठावर तो आला तर मरण दारात आलेले असते.

फ्लोराइडची गोष्ट निराळी. ते खडकातूनच येते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडे वाकतात. यवतमाळच्या पांढरकवडा भागात, नांदेडच्या किनवटमध्ये ही वाकलेली हाडे कुणीही जाऊन पाहावीत.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काय झाले ते आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडले. मग आरोग्य खाते धावले, पाण्याचे नमुने गेले आणि नायट्रेट व क्षार जास्त असल्याचे समोर आले. पुढे केसगळतीचे कारण पाणी नसून रेशनच्या गव्हातले सेलेनियम असावे, असे मत पुढे आले. तो वाद तज्ज्ञांचा. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. केस गळाले नसते तर त्या पाण्यातले नायट्रेट लोकांना कधी कळले असते? पाणी तपासायला माणसाचे टक्कल पडावे लागते काय?

काही जण म्हणतील, "यात जात कुठून आणली? विहीर एक, टाकी एक, सगळ्या गावाला तेच पाणी." हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. मागच्या उन्हाळ्यात विदर्भातल्या एका गावी मी गेलो होतो. ग्रामपंचायतीत हिरवे कार्ड भिंतीवर लावलेले. मी विचारले, तपासणीचा नमुना कुठला घेता? उत्तर मिळाले, "हाच की, ऑफिसचा नळ." ऑफिस टाकीच्या खाली. आपली वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, उतारावर. तिथे पाणी एक दिवसाआड, अर्धा तास. पाइपलाइन गटाराच्या कडेने, दोन ठिकाणी गटारातूनच गेलेली. वरच्या आळीत टिल्लू पंप लागले की खालच्या पाइपात पाण्याऐवजी पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून गटार आत ओढले जाते. एक आजी मला म्हणाली, "पाणी तं येते बाबू, पन त्यात दाळ शिजत नाही." डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड आहे, क्षारांनी भरलेले आहे. आजीने प्रयोगशाळेशिवाय निदान केले होते. तिचे ऐकायला मात्र कोणी नव्हते.

त्याच गावातल्या पाटलाच्या वाड्यात आरओ आहे. ज्यांची ऐपत आहे ते वीस लिटरचा जार रोज विकत घेतात. ज्यांची ऐपत नाही ते नळाचे पितात. मग सांगा, पाणी एकच राहिले का? जमिनीखाली पाण्याला जात नसेल. पाइपातून वर आल्यावर ती चिकटते. कोणाची आळी टाकीजवळ, कोणाची गटाराजवळ, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. गावाची रचना जातीने केली आणि पाइपलाइन त्या रचनेवरून टाकली.

आणि ते हिरवे कार्ड? ते स्वच्छता सर्वेक्षणाचे आहे. स्रोताच्या आसपास घाण आहे का, गळती आहे का, टीसीएलचा साठा आहे का, यावरून ते मिळते. ते उपयोगाचे आहे, पण नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे ते सांगत नाही. भिंतीवरचे कार्ड दाखवून "पाणी शुद्ध आहे" असे कोणी म्हणत असेल तर त्याला विचारा, हे कशावरून? पुरावा न दाखवता पाणी शुद्ध म्हणून जाहीर करण्याची परंपरा या देशात जुनी आहे. तेव्हा घागर होती, आता कार्ड आहे.

आता थोडे आपल्याच लोकांशी बोलतो. राग मानू नका. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, "आरक्षण धोक्यात आहे, संविधान धोक्यात आहे, आणि तुम्ही नळाचे काय घेऊन बसलात?" अरे, बाबासाहेबांनी पहिला मोठा सत्याग्रह कशासाठी केला? पाण्यासाठीच ना! संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो काय उगाच? १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातले पाणी कोणी घाण केले तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. संविधान वाचवायचे म्हणजे ही कलमे वापरायची. वापरात नसलेले हत्यार गंजते.

दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा आपल्या वस्तीत कशावर जातो तेही बघा. सिमेंटचा रस्ता, पुन्हा सिमेंटचा रस्ता, मग कमान. ठेकेदार खूश, उद्घाटनाला पुढारी खूश, आणि कमानीखालून गटारातली पाइपलाइन तशीच. कमान मागताना आपण एकत्र येतो. पाइप बदलून मागताना का येत नाही?

म्हणून सांगतो, हे काम अवघड नाही. पहिले, आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचा नमुना घ्यायला लावा, ऑफिसच्या नळाचा नव्हे. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक तपासणी वर्षातून एकदा झाली का ते विचारा. जलजीवनच्या प्रयोगशाळा सामान्य माणसाला नाममात्र शुल्कात खुल्या आहेत; ग्रामपंचायत टाळत असेल तर स्वतः नमुना घेऊन जा, पण आधी प्रयोगशाळेला विचारून त्यांचीच बाटली आणा, कारण साध्या बाटलीतला जंतूंचा नमुना ते धरत नाहीत. दुसरे, गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचे प्रशिक्षण द्यायचे असते. त्या पाच कोण आहेत? त्यात आपल्या वस्तीतली एक तरी आहे का? किट कपाटात आहे की वापरात?

तिसरे, जलसुरक्षकाला ओटी टेस्ट शेवटच्या नळावर करायला सांगा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. चौथे, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. आपल्या गावात तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर नाही मिळाले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अहवाल वाईट आला तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. लहान बाळांना त्या पाण्यातले वरचे दूध बंद करा, आईचे दूध चालू ठेवा. उकिरडा आणि संडासाचे खड्डे स्रोतापासून दूर न्यायला लावा. दुसऱ्या चांगल्या विहिरीचे पाणी त्यात मिसळता येते का, की नवा स्रोत हवा, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून लेखी मागा. "आरओ घ्या" हे उत्तर स्वीकारू नका. जे पाणी देणे सरकारचे काम आहे ते आपण विकत घ्यायचे, म्हणजे हक्काची किंमत वीस रुपयांचा जार!

पुढच्या २० मार्चला महाडला जरूर जा. पण जाण्याआधी वस्तीतल्या शेवटच्या नळाखाली एक बाटली धरा आणि ती प्रयोगशाळेत पोहोचवा. अहवाल आला की तो मराठीत, मोठ्या अक्षरांत, विहाराच्या फलकावर लावा. पाणी चांगले निघाले तर निर्धास्त प्या. वाईट निघाले तर तो कागद हातात घेऊन पंचायतीत जा. १९२७ साली आपल्या बापजाद्यांनी मार खाऊन पाण्यापर्यंत वाट काढली. त्या पाण्यात काय आहे हे विचारायला आपल्याला मार खावा लागणार नाही, फक्त तोंड उघडावे लागेल.

जय भीम! जय संविधान!