विश्लेषण : इमारत बाहेरून धुवायची, पण दोरावर लटकणाऱ्या माणसाची जबाबदारी कुणाची?

पावसाळा सरला आणि दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विषय हमखास निघतो. भिंतींवर शेवाळ चढले आहे, खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या आहेत, एकदा बाहेरून धुऊन घेऊ. मग दोन-तीन कोटेशन येतात. त्यात एक फार स्वस्त असते आणि बहुतेकांचा अंगठा त्यालाच वर होतो. ते स्वस्त कशामुळे आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. पूर्वी हा विषय मुंबईतल्या काचेच्या टॉवरपुरता होता. आता कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या चार-सात मजली इमारतींपर्यंत तो आला आहे.

कोनसारख्या ठिकाणी भिंती लवकर का काळवंडतात?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातले कोन लागते. पुढे राजनोली नाका आणि मुंबई-नाशिक महामार्ग. गोदामांकडे जाणारे कंटेनर आणि ट्रक याच पट्ट्यातून धावतात. भिवंडीतले यंत्रमाग, सायझिंग आणि डाइंगच्या कारखान्यांचे बॉयलर, तालुक्यातल्या दगडखाणी आणि सतत चालणारी बांधकामे ही सगळी धूळ व काजळी हवेत सोडतात. ठाणे-भिवंडी-कल्याण या २४.९ किलोमीटरच्या मेट्रो ५ मार्गाच्या आराखड्यातही कोनगाव हे स्थानक आहे. म्हणजे पुढची काही वर्षे बांधकामाची धूळ कमी होईल अशी चिन्हे नाहीत.

त्यात खाडी जवळ आणि पाऊस भरपूर. ओल धरून ठेवणाऱ्या, ऊन कमी लागणाऱ्या भिंतीवर धूळ बसते, धुळीवर शेवाळ आणि बुरशी धरते. उत्तरेकडची बाजू आधी काळी पडते ती यामुळेच.

भिंत कुणाची, खिडकी कुणाची?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीच्या बाह्य भिंतींची दुरुस्ती-देखभाल सोसायटीच्या खर्चाने होते. सोसायटीच्या यादीत नसलेली कामे सभासदाने स्वतः करायची असतात. त्यामुळे व्यवहारात भिंत सोसायटीची आणि खिडकीची काच सभासदाची, अशी विभागणी होते. अडचण अशी की पाचव्या मजल्यावरची काच बाहेरून धुवायची तर दोर गच्चीवरून सोडावा लागतो आणि गच्ची सोसायटीची असते. म्हणून भिंत व काचा यांचे काम एकत्र, सोसायटीमार्फतच देणे शहाणपणाचे.

पैसे कुठून आणायचे, याची सोयही उपविधींत आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. बांधकाम खर्च १० लाख रुपये असेल, तर दुरुस्ती निधी वर्षाला किमान ७,५०० रुपये होतो. अनेक सोसायट्या मासिक मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हा निधी नावापुरता घेतात आणि मोठे काम निघाले की सर्वांत स्वस्त ठेकेदार शोधतात.

सोसायटीच स्थापन झालेली नसेल तर?

मग बिल्डर, काही रहिवासी आणि वर्गणी असा कारभार चालतो आणि काम कुणी दिले याची लेखी नोंदच राहत नाही. ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर एक मुद्दा लक्षात ठेवावा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत किंवा दर्जात दोष आढळला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर ती धुण्यावर आणि रंगावर वर्गणी काढण्याआधी बिल्डरला लेखी कळवावे.

जेटने जोरात मारले की झाले?

नाही. डांबरी अंगण किंवा फरशी धुणे वेगळे आणि प्लास्टर धुणे वेगळे. घरगुती प्रेशर मशीनही १०० बारच्या वर दाब देते. हा झोत जवळून मारला तर जुना रंग सोलतो, पोकळ झालेले प्लास्टर निघते आणि भेगांमधून पाणी थेट आत जाते. खिडकीच्या चौकटीभोवतीचे सिलिकॉनही उखडते. पुढच्या पावसात घरात ओल दिसते, तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

शेवाळासाठी दाबापेक्षा रसायन आणि वेळ उपयोगी पडतो. सौम्य साबण किंवा पातळ केलेले सोडियम हायपोक्लोराइट लावायचे, काही मिनिटे थांबायचे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवायचे. ॲसिडने मात्र सिमेंट झिजते आणि ॲल्युमिनियमच्या चौकटींवर डाग पडतात. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो. दोरावर लटकलेल्या माणसाला तिथून पळताही येत नाही.

काचांसाठी बोअरवेलचे पाणी वापरले तर वाळल्यावर पांढरे डाग उरतात, कारण त्यात क्षार जास्त असतात. म्हणून आता क्षार काढलेले पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश वापरण्याची पद्धत आली आहे. खालच्या तीन-चार मजल्यांच्या काचा त्यामुळे जमिनीवर उभे राहूनच पुसता येतात. शक्य तिथे हीच पद्धत मागावी, कारण तिथे माणूस उंचीवर चढतच नाही. फक्त जवळून विजेच्या तारा जात असतील तर धातूचा दांडा वापरू देऊ नये.

धुण्याआधी भिंत काय सांगते?

काळ्या भिंतीवर तीन खुणा आधी पाहाव्यात. पांढरी क्षाराची पावडर असेल तर भिंतीत पाणी मुरते आहे. तांबूस ओघळ असतील तर आतल्या सळया गंजत आहेत. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटले आहे. या खुणा धुऊन वर रंग मारला की इमारत नवी दिसते, पण आजार तसाच राहतो.

भिवंडीकरांना हे वेगळे सांगायला नको. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली आणि किमान ३८ जणांचा जीव गेला. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे उपविधी सांगतात. ऑडिटची वेळ आली असेल तर आधी ऑडिट, मग धुणे आणि शेवटी रंग हा क्रम बरा.

दोरावरचा माणूस सुरक्षित आहे हे कसे ओळखायचे?

दोर मोजा. जगभर मान्य असलेल्या दोरकाम पद्धतीत प्रत्येक कामगाराला दोन स्वतंत्र दोर असतात. एकावर तो काम करतो, दुसरा फक्त पडला तर धरण्यासाठी. दोन्ही वेगवेगळ्या, भक्कम ठिकाणी बांधलेले हवेत. पाण्याच्या टाकीचा पाइप किंवा डिशची चौकट म्हणजे भक्कम जागा नव्हे. कठड्याच्या कडेवर दोर घासतो, तिथे संरक्षक आवरण लागते. कमरेच्या पट्ट्याऐवजी छाती-मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा. त्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३५२१. गच्चीवर दोरांवर लक्ष ठेवायला एक माणूस आणि खाली अडवलेली जागाही लागते.

आपल्याकडे सर्रास दिसते ते वेगळे. एकच दोर, त्याला लाकडी फळीचा झुला, पायात स्लीपर आणि एका हातात जेटची बंदूक. पाण्याचा झोत पुढे जातो तेव्हा त्याचा धक्का माणसाला भिंतीपासून मागे ढकलतो. भिंत ओली, हात साबणाचे. स्वस्त कोटेशनमध्ये जे कापलेले असते ते बहुतेक वेळा हेच असते : दुसरा दोर, गच्चीवरचा माणूस आणि विमा.

अपघात झाला तर कायदा कुणाला धरतो?

इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा फक्त नव्या बांधकामापुरता नव्हता. दुरुस्ती आणि देखभाल हे शब्दही त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण जुन्या कायद्यात आणि नव्या संहितेतही किमान दहा कामगारांची अट आहे. इमारत धुणारी टोळी बहुधा चार-पाच जणांची असते. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तेच या चौकटीबाहेर राहतात.

भरपाईची जबाबदारी पहिल्यांदा मालकावर, म्हणजे ठेकेदारावर येते. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले सूत्र असे : मृत्यू झाल्यास मासिक मजुरीचा अर्धा भाग गुणिले वयानुसार गुणक. तिशीतला कामगार, मजुरी १५,००० रुपये धरली आणि ३० वर्षांसाठीचा २०७.९८ हा गुणक लावला तर रक्कम सुमारे १५ लाख ६० हजार होते. एवढे पैसे चार माणसांच्या ठेकेदाराकडे नसतात. ते विम्यातूनच येऊ शकतात. ठेकेदाराला काम देणाऱ्यावरही भरपाई येऊ शकते, पण ते काम त्याच्या व्यवसायाचा भाग असावे लागते. सोसायटी व्यवसाय करत नाही, असा युक्तिवाद इथे होऊ शकतो आणि कामगाराचे कुटुंब कोर्टात अडकते.

फौजदारी बाजू वेगळी आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘काम ठेकेदाराला दिले होते’ एवढ्यावर सोसायटीचे पदाधिकारी चौकशीतून सुटतीलच असे नाही.

आणि घरकाम करणाऱ्या ताईंना काच पुसायला सांगितली तर?

हा धोका कोटेशनमध्येही दिसत नाही. छज्जावर पाय ठेवून किंवा चौकटीबाहेर वाकून काच पुसणे हे उंचीवरचेच काम आहे, फक्त दोराशिवायचे. सिंगापूरमध्ये अशा कामात घरकामगार महिलांचे मृत्यू झाल्यावर सरकारने २०१२ मध्ये नियम केला : खिडकीला लोखंडी जाळी हवी, पुसताना ती कुलूपबंद हवी आणि मालकाच्या घरातले प्रौढ माणूस समोर हवे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि मदतीवर आहे. उंचीवरून पडू नये यासाठीचा नियम आपल्याला आपल्या घरातच करावा लागेल.

काम देण्याआधी काय विचारावे?

• प्रत्येक माणसामागे किती दोर? ते कशाला बांधणार? हे कोटेशनमध्ये लिहून द्या.
• कामगारांचा भरपाई विमा आहे का? पॉलिसीची प्रत, मुदत आणि त्यात ‘उंचीवरील काम’ आहे का, हे पाहा.
• कोणते रसायन, किती दाब? आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवा.
• पाणी कुठून? साधे प्रेशर मशीनही तासाला चारशे लिटरच्या आसपास पाणी ओढते. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने हे काम एप्रिल-मे ऐवजी पावसाळ्यानंतर काढावे.
• मशीनच्या विजेच्या जोडणीला ईएलसीबी आहे का?
• वारा किंवा पाऊस सुरू झाला तर काम थांबेल आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे करारात आहे का?

शेवटचा प्रश्न छोटा वाटतो, पण मजुरी बुडेल या भीतीनेच माणूस ओल्या भिंतीवर दोराला लटकतो. दोन कोटेशनमधला फरक प्रत्येक सदनिकेमागे वाटून पाहा. चाळीस घरांच्या इमारतीत तो ४० हजार रुपये असला तरी घरटी एक हजारच येतो. एवढ्या पैशात दुसरा दोर, हार्नेस आणि विमा बसत असेल, तर महाग कोटेशन महाग नाही.