पडलेल्या माणसाचं तिकीट

लोकलमधून पडून पाय गमावलेल्या माणसाची नुकसानभरपाई बऱ्याचदा त्याच्या पँटच्या खिशात असते. इस्पितळात ती पँट कात्रीने कापून काढतात. रक्ताने माखलेली म्हणून घरचे ती टाकून देतात आणि पासही तिच्याबरोबर जातो. पुढे रेल्वे दावे न्यायाधिकरणात रेल्वेचा वकील विचारतो, हा प्रवासी होता याला पुरावा काय?

कायदा तसा उदार आहे. 1989च्या रेल्वे कायद्यातल्या कलम 124-अ प्रमाणे गाडीतून पडून इजा झाली तर रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. चढता-उतरताना निष्काळजीपणा केला, एवढ्यावरून रेल्वेला हात झटकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलं. (सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात हौसेने कोण लटकतं?) मृत्यू झाल्यास 2017पासून 8 लाख रुपये. हातापायांसाठी तक्ता आहे. पाय गुडघ्याच्या वर तुटला की खाली, यावर रक्कम बदलते. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला मात्र या कलमाचा उपयोग नाही. त्यामुळे माणूस पडला की रूळ ओलांडत होता, यावरून बरीच भांडणं होतात.

तिकिटाबद्दलही याच निकालात स्पष्ट म्हटलंय. तिकीट सापडलं नाही म्हणून प्रवासी खोटा ठरत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली की ती खोडून काढायची जबाबदारी रेल्वेची. तरी तिकिटाअभावी फेटाळलेले दावे उच्च न्यायालयापर्यंत येतच राहतात. पास देताना ओळखपत्राचा नंबर, कुठून कुठे, कधीपर्यंत, हे सगळं रेल्वेच्याच संगणकात जातं. फुकट्या प्रवाशाला फलाटावर बरोबर हेरणाऱ्या खात्याला ही नोंद शोधायचा एवढा आळस का? 9 जून 2025ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं पडली, तेव्हाही दारात उभं राहणाऱ्यांना शिस्त शिकवायला पुष्कळजण पुढे आले. आत पाय ठेवायला जागा होती का, हे विचारणारे कमी.

दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि इस्पितळाचे कागद यांच्या प्रती लवकर मागून घ्याव्यात. वॉर्डात येऊन टक्क्यांची बोली करणारा, कोऱ्या वकालतनाम्यावर सही मागणारा कुणी भेटला, तर त्याला बाहेरची वाट दाखवावी.