तिलारीच्या हत्तींची खबर सीमेपलीकडच्या गावांनाही मिळावी यासाठी निवेदन

आवडी, चेन्नई
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. वनाधिकारी महोदय

संदर्भ : आमची यापूर्वीची तीन निवेदने

महोदय,

आम्ही नोकरीनिमित्त आवडीत राहणारे दोडामार्ग तालुक्यातील लोक. बागायती आणि म्हातारी माणसे गावीच आहेत. पहिल्या निवेदनाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर आले, पुढच्या दोन्हींना तेही नाही.

कर्नाटकातून हत्ती आमच्या तालुक्यातल्या मांगेलीत उतरले ते २००२ साली. तिलारी, गोव्याची म्हादई आणि कर्नाटकातले भीमगड हे एकच सलग रान. हत्ती त्यात फिरणारच. पण एका हद्दीतून फटाके लावून हुसकावलेला हत्ती दुसऱ्या हद्दीत उतरतो, तेव्हा तिथल्या गावाला कोणी कळवत नाही. यंदाच्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या वडिलांना हत्ती आल्याचे कळले ते माड कडाडून मोडल्यावर. रात्रभर ते बॅटरी विझवून पडवीत बसले. उजाडल्यावर अकरा माड आडवे, शेंड्याचे कोंब ओरबाडलेले. पंचनाम्याला माणूस नवव्या दिवशी आला. तोवर मोडलेली केळी कुजली होती, म्हणून ती यादीत धरलीच नाहीत. एप्रिलमध्ये तर मोर्ल्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला. सप्टेंबरात ओंकार नावाचा हत्ती गोव्यात पेडणे तालुक्यात गेला. तिथल्या भातशेतीवरही तीच पाळी आली.

आम्ही राहतो त्या तामिळनाडूत, वाल्पाराईला, हत्ती जवळपास असला की चहामळ्यातल्या लोकांच्या मोबाइलवर संदेश येतो, खांबावरचा लाल दिवा लागतो. तिलारीत हे का होऊ नये? तिन्ही राज्यांच्या वनखात्यांचा एकच नियंत्रण कक्ष हवा, रात्रपाळीला माणूस हवा. हत्ती हद्द ओलांडण्याआधी पलीकडच्या गावात फोन वाजला पाहिजे, आणि तोही बोलता. आमच्या आयांना संदेश वाचता येत नाहीत. गेल्या वर्षीच्या बैठकीत ‘दिवाळीपर्यंत समन्वय गट नेमू’ असा शब्द आम्हाला दिला होता. ती दिवाळी सरली, दुसरी आठवड्यावर आली.

तिन्ही राज्यांनी हत्तींची गणना एकाच वेळी करावी. सावंतवाडी-दोडामार्गची २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याबाबत उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलेल्या आदेशाचे पालन व्हावे. हत्ती पकडून न्या, असे आम्ही म्हणत नाही; रान त्यांचेही आहे.

गट कोणत्या तारखेला नेमणार आणि रात्री फोन कोण उचलणार, एवढे तीस दिवसांत लेखी कळवावे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये.

आपले विश्वासू,
आवडीतील दोडामार्गकर
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत : गोवा व कर्नाटक वनखाते